साडेसतरा हजार पानं

वजनकाका हे नाव त्यांना बिल्डिंगमधल्या पोरांनी दिलं आणि थोरांनी निमूटपणे उचललं. लिफ्टमध्ये सातवं माणूस शिरलं की काका त्याला हाताला धरून बाहेर काढत. आतल्या पाटीवर ‘सहा माणसं, साडेचारशे किलो’ असं लिहिलं होतं आणि काकांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती. एकदा तर त्यांनी सख्ख्या मेव्हणीला दोन बॅगांसकट चार मजले चढायला लावलं. तेव्हापासून ती आली की खालूनच फोन करते, “भावोजी, आज माझं वजन चालेल का, की बॅगा आधी पाठवू आणि मी मागून येऊ?”

नोकरीच तशी झाली होती. चौतीस वर्षं ते लिफ्ट-तपासणीच्या खात्यात निरीक्षक होते. दवाखाने, कचेऱ्या, गोदामं, जिथे म्हणून लिफ्ट होती तिथे ते खालच्या खड्ड्यात उतरले, वरच्या मोटारीच्या खोलीत चढले, पोलादी दोरावरून चिंधी फिरवून तुटलेले तंतू शोधले. या सगळ्यातून त्यांची एक श्रद्धा तयार झाली होती. पाटीवरचा आकडा हा यंत्रानं दिलेला शब्द असतो, आणि यंत्राची खरी ताकद त्या शब्दाच्या कितीतरी पुढे असते. पाटीवर साडेचारशे किलो असेल तर दोर दहापट, बारापट पेलणारे बसवलेले असतात. म्हणून तर पाटीच्या आत राहून रोज शंभर वेळा, वीस वर्षं ये-जा करा, काही होत नाही. शब्द लहान आणि ताकद मोठी, ही त्यांच्या मते यंत्राची खानदानी रीत. माणसांत ती क्वचितच सापडते असं ते म्हणत, आणि म्हणताना बायकोच्या भावाकडे बघत.

त्यांनी सही केलेली एकही लिफ्ट चौतीस वर्षांत कोसळली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. बायको सांगायची, आणि ती सांगत असताना ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग शेजाऱ्यांच्या बिजागऱ्यांना घातलं. बायको टेकीला आली. “यांना कुठेतरी कामाला लाव,” ती सुनेला म्हणाली, “नाहीतर मला तरी लाव.”

सून अल्पदृष्टी मुलांच्या शाळेत शिकवायची. लहानशी शाळा, तेवीस मुलं. या मुलांना दिसतं, पण अगदी कमी. नेहमीची पुस्तकं त्यांच्या कामाची नसतात. अक्षरं बोटाच्या पेराएवढी करून, जाड, न चकाकणाऱ्या कागदावर, एकाच बाजूनं छापावी लागतात. नेहमीच्या पुस्तकाच्या एका पानाची अशी चार-पाच पानं होतात. हे छापण्याचं काम शाळेतल्या प्रिंटरवर कारकूनबाई करायच्या. नऊ वर्षं तो प्रिंटर चालला आणि या वर्षी वार्षिक सुट्टी लागता लागता बसला. त्याचे सुटे भाग आता मिळत नव्हते. नवा घ्यायचा होता, आणि कुठला घ्यावा हे कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा सून मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, म्हणाली की माझ्या सासऱ्यांची हयात यंत्रं तपासण्यात गेली, त्यांना विचारू या का.

काकांना इतका आनंद झाला की ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन, सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी शाळेत हजर झाले. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते. उतरती बाकं, प्रत्येक बाकावर वाकवता येणारा दिवा, पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे, हे सगळं त्यांनी पाहिलं आणि त्यांना आवडलं. मुलं मात्र त्यांनी पाहिली नाहीत. ती आपापल्या घरी होती.

मग त्यांनी कारकूनबाईंना प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाई पन्नाशीच्या पुढच्या, बोलायला कमी, चष्मा साखळीला अडकवलेला. मुलं किती? तेवीस. प्रत्येकाची पुस्तकं? चार. एका पुस्तकाची पानं? एकशे नव्वद धरा, कुठे थोडी कमी, कुठे जास्त. काकांनी गुणाकार केला: सतरा हजार चारशे ऐंशी. म्हणजे साडेसतरा हजार.

“हे सगळं तुम्ही वर्षभर छापत बसता?” काकांनी विचारलं.

बाई म्हणाल्या की हो, दर पंधरवड्याला पुढचे धडे छापायचे, मुलांच्या हातात द्यायचे, मागचे घरी ठेवायला सांगायचे. काकांना हे ऐकून त्या प्रिंटरची कीव आली आणि बाईंचीही. सुट्टीचा अख्खा महिना मोकळा पडलाय. एकदाच सगळं छापा, स्पायरल घाला, शाळा उघडली की प्रत्येक मुलाच्या हातात चारही पुस्तकं पूर्ण. वर्षभर निश्चिंत. ते हे बोलत होते तेव्हा मोठ्या बाई मान हलवत होत्या. कारकूनबाई एवढंच म्हणाल्या, “आमचं थोडं थोडं बरं असतं हो. यंत्रालाही आणि…” पण तोवर काका वहीचं पान उलटून महिन्याला तीस दिवस धरून रोजची पानं काढायला लागले होते. बाईंनी चष्मा पुसला आणि तुम्ही शिकलेले, असं म्हणून त्या गप्प बसल्या.

दुकानात काका दीड तास होते. खोक्यांवरची माहिती ते पाटी वाचावी तशी वाचत होते. एका प्रिंटरच्या खोक्यावर महिन्याचा भार वीस हजार पानं असा छापलेला होता. त्याच्या शेजारी दुप्पट किमतीचा, पासष्ट हजार पानांचा. विक्रेत्यानं गरज विचारली, काकांनी सांगितली, आणि विक्रेता लगेच म्हणाला की मग काका, मोठाच घ्या. विकणाऱ्यानं महागातलं दाखवलं की काकांचे कान उभे राहत. नोकरीत त्यांना असे पुष्कळ भेटले होते. साडेसतरा हजार हे वीस हजारांच्या आत आहेत की नाहीत, असं त्यांनी विचारलं. विक्रेता म्हणाला, आत आहेत खरे, पण. काकांनी ‘पण’च्या पुढचं ऐकलंच नाही. पाटीच्या आत असलं की आत असतं. शिवाय वीस हजार लिहिलंय म्हणजे यंत्राला आतून लाख पानांपर्यंत तरी मरण नसणार, हे त्यांना न सांगता माहीत होतं.

शाळेच्या शिफारसपत्रावर त्यांनी सही केली. खाली कंसात ‘निवृत्त निरीक्षक’ असंही लिहिलं. जुना प्रिंटर अडगळ नको म्हणून त्यांनीच भंगारात द्यायला लावला.

छपाईला बसले तेही काकाच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दिवसाला सहाशे पानं. वरच्या वर्गापासून सुरुवात केली, एकेका मुलाचा पूर्ण संच काढायचा, मग पुढचं मूल. शाळा उघडायला नऊ दिवस उरले असताना पंधरा मुलांचे संच बांधून तयार होते. उरली होती आठ मुलं, सगळ्यात धाकटी, पहिल्या वर्गातली, आयुष्यात प्रथमच शाळेत येणारी.

त्या दिवशी सव्वादहाला सोळाव्या संचाचं बारावं पान बाहेर आलं आणि त्यावरची अक्षरं काकांच्या अंगठ्याला लागली. पुसली गेली. ओल्या रंगासारखी नाही, कोरड्या काजळीसारखी. काकांनी अंगठ्याकडे पाहिलं. यंत्रातून रबर तापल्यासारखा वास आला, आत कुठेतरी खट्‌ झालं आणि सगळं शांत झालं. पडद्यावर एक ओळ उमटली की दुरुस्ती केंद्राशी संपर्क साधा.

काकांनी यंत्राच्या कुशीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ते पोळलं होतं.

दुरुस्तीवाला दुपारी आला. जाडजूड माणूस, खांद्याला बॅग, जिना चढून दम लागलेला. त्यानं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, आणि मग काही बटणं दाबून एक आकडा काढला. अकरा हजार चारशे बारा.

“कधी घेतला?”

“एकोणीस दिवस झाले,” काका म्हणाले.

दुरुस्तीवाल्यानं टॉर्च बंद केला. तो जवळची खुर्ची ओढून तिच्यावर बसला. “एकोणीस दिवसांत अकरा हजार. जाड कागदावर?”

“जाड.”

“काका, शत्रूच्या यंत्रालाही कुणी असं वागवत नाही.”

काकांना राग आला. त्यांनी कपाटावरचं खोकं काढलं, त्याच्यासमोर धरलं आणि बोट ठेवून आकडा दाखवला. वीस हजार. निम्म्याच्या थोडं पुढे गेलोय मी. पाटीच्या आत आहे. यंत्रच सदोष आहे, बदलून द्या.

दुरुस्तीवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं काकांना नंतर वाटलं. त्यानं खोक्यातली जाडी पुस्तिका काढली, जी काकांनी प्लॅस्टिकमधून बाहेरही काढली नव्हती, आणि शेहेचाळिसाव्या पानावर उघडून त्यांच्या हातात दिली. तिथे एका कोष्टकात दोन आकडे होते. वर वीस हजार. खाली, बारीक अक्षरात, शिफारस केलेली पानं: महिन्याला साडेसातशे ते दोन हजार.

काकांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग पुस्तिका दिव्याखाली नेली, जणू उजेडात आकडा वेगळा दिसेल.

“हे दोन हजार कसले?” त्यांनी विचारलं.

“हे रोजचं जेवण,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आणि ते वरचं वीस हजार म्हणजे, आयुष्यात एखाद्या महिन्यात गळ्याशी आलं तर किती खाऊन यंत्र जिवंत राहील, ते. तेही हलका कागद, बारीक अक्षरं, थंड खोली, मध्ये मध्ये विसावा. तुम्ही कागद घातला जाड. अक्षरं एवढी मोठी, म्हणजे शाईची भुकटी चौपट. ती भुकटी कागदावर भाजून पक्की करायला आत एक तापलेला रूळ असतो. जाड कागदाला तो जास्त तापवावा लागतो. तुमचा रूळ गेला. तो एकोणीस दिवस तापतच होता.”

“म्हणजे लिहिलेला आकडा हा… मोडायचा आकडा आहे?”

“मोडायच्या काठावरचा.”

काकांनी पुस्तिका टेबलावर ठेवली. पायाखालची जमीन सरकणं हे त्यांनी आजवर बोलण्यात वापरलं होतं. आता त्यांना तळव्यांना ते खरोखर जाणवलं. यंत्राच्या अंगावर त्याच्या मरणाचा आकडा लिहिलेला होता आणि तो त्याची ताकद म्हणून मिरवला होता. लिफ्टच्या पाटीवर कुणी दोर तुटायचं वजन लिहिलं असतं तर? सहा माणसांऐवजी बहात्तर माणसं? त्यांनी मनात ती लिफ्ट भरलेली पाहिली.

“हा आकडा तपासतं कोण?” त्यांनी विचारलं.

“कोण म्हणजे? बनवणारे.”

“आणि त्यांच्यावर?”

“त्यांच्यावर कोण असणार? प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजते. एकीचे वीस हजार आणि दुसरीचे वीस हजार सारखेच असतील असंही नाही. आम्ही गिऱ्हाईकाला सांगतो, वरचा आकडा फक्त दोन यंत्रांतलं दणकट कुठलं ते कळायला बघा. घेताना खालचा बघा. आणि आपली महिन्याची पानं त्या खालच्याच्या मधोमध बसली पाहिजेत.”

“निरीक्षक नाहीच?”

“काका, कागद छापायच्या यंत्राला निरीक्षक?”

नवा रूळ यायला तीन आठवडे लागणार होते. तो आला तरी पुन्हा असंच राबवलंत तर पुन्हा जाईल, हे त्यानं दाराशी उभं राहून दोनदा सांगितलं.

मोठ्या बाईंना सांगायला काका स्वतः गेले. त्यांनी पुस्तिकेचं शेहेचाळिसावं पान त्यांच्यापुढे उघडं ठेवलं, आपली सही असलेलं शिफारसपत्र त्याच्या शेजारी ठेवलं, आणि म्हणाले की यंत्र चांगलं आहे, चूक माझ्या वाचण्याची. आठ मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशी वाचायला काही नसेल. मोठ्या बाईंनी शिफारसपत्र बाजूला सारलं. मग हळू म्हणाल्या, “आठांपैकी पाच जणांच्या घरी मी स्वतः गेले होते. या मुलांना वाचायला काय मिळणार, ठेवा घरीच, असं म्हणत होते आईबाप. मी म्हणाले, पाठवा तर खरं, पहिल्या दिवशी हातात पुस्तक देते.” साडेसतरा हजारांच्या गुणाकारात त्यांनी तेवीस हा आकडा घेतला होता. तेवीस घरं घेतली नव्हती.

सून घरी परतताना वाटभर दोन पावलं पुढे चालत होती. तिनं बोल लावला असता तर काकांना काही उत्तर तरी देता आलं असतं. बिल्डिंगच्या दारात लिफ्ट उभी होती, रिकामी, दिवा लागलेला. काका आत शिरायला गेले आणि पाटीवर नजर गेली. सहा माणसं, साडेचारशे किलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न पडला की हा कुठला आकडा, वरचा की खालचा. उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या लिफ्टची कागदपत्रं त्यांनी स्वतः पाहिलेली होती. तरी पाय उंबऱ्यावरच थबकला. “बाबा?” सून म्हणाली. ते म्हणाले, तू जा वर. आणि चार मजले जिन्यानं चढले. वर दार उघडणाऱ्या बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थट्टा ओठांवरच गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन कारकूनबाईंसमोर बसले. आठ मुलं गुणिले प्रत्येकाची सातशे साठ पानं, सहा हजार ऐंशी, त्यातली बारा झाली. दिवस आठ. ओळखीपाळखीत कुठे मोठं यंत्र मिळेल का, हे ते बाईंना विचारत होते. बाईंनी त्यांना बोलू दिलं. मग साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

“सहा हजार पानं पहिल्या दिवशी वाचणार आहेत का ती पोरं?”

काकांनी वहीतून मान वर केली.

“पहिल्या पंधरवड्याला एका विषयाची आठ पानं पुरतात,” बाई म्हणाल्या. “चार विषय, बत्तीस. आठ मुलं. करा तुमचा गुणाकार.”

दोनशे छप्पन्न. काका वहीतल्या त्या आकड्याकडे आ वासून बघत राहिले. रात्रभर ज्या डोंगराखाली ते झोपले नव्हते, तो दोनशे छप्पन्न पानांचा निघाला. आणि त्याहून धक्का देणारं त्यांना बाजूला दिसत होतं: साडेसतरा हजार भागिले शाळेचे दहा महिने, साडेसतराशे. जुना प्रिंटर नऊ वर्षं टिकला तो नशिबानं नव्हे. या बाईंनी शेहेचाळिसावं पान कधीही न वाचता त्याला बरोबर पोटापुरतं घातलं होतं.

“तुम्हाला हा खालचा आकडा माहीत होता?”

“आकडा बिकडा नाही. दोनेक हजारांच्या पुढे गेलं की तो कुरकुरायचा. मग मी थांबायचे.”

काकांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि तिथे एक लहानसा प्रिंटर होता. काका तिथे गेले ते थेट पुस्तिका मागायला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, दात दुखतोय. पुस्तिका कपाटाच्या मागे सापडली. काकांनी आधी शिफारशीचा आकडा शोधला, मग दवाखान्याची महिन्याची पानं विचारली, मग वजाबाकी केली, आणि मगच कामाचं बोलले. दिवसाला पन्नास पानं, दहा पानांनंतर पाच मिनिटं विसावा, असा बेत त्यांनी मांडला. “काका, एका दमात काढून न्या हो सगळी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका म्हणाले, नको. रोज संध्याकाळी रोग्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर ते जाड कागद मांडीवर घेऊन बसायचे. सहाव्या दिवशी दोनशे छप्पन्नावं पान निघालं तेव्हा यंत्र जेमतेम कोमट होतं. आठ मुलांचे चार-चार पातळ भाग त्यांनी घरी नेले, बायकोनं ते सुईदोऱ्यानं शिवले.

शाळा उघडली त्या सोमवारी काका मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी या मुलांना प्रथमच पाहिलं. धाकटी आठ आली, कुणी आईचा हात धरून, कुणी भिंतीला हात लावत. सुनेनं प्रत्येकाच्या हातात शिवलेला भाग दिला. एका मुलानं तो उघडला, एका हातानं उचलला आणि थेट डोळ्यापाशी नेला. इतका जवळ की नाक कागदाला टेकलं. मग त्यानं कागद नाकासमोरून हळूहळू डावीकडे सरकवला आणि घरी शिकलेलं एक एक अक्षर ओळखून मोठ्यानं म्हणू लागला. त्याची आई तोंडावर हात धरून उभी होती.

काकांना वाटलं, निभावलं.

तेवढ्यात शेजारच्या वर्गातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिथे वरच्या वर्गातली मुलं बसली होती, काकांनी पूर्ण करून दिलेल्या संचांसमोर. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आपलं पुस्तक दोन्ही हातांनी डोळ्यापाशी न्यायचा प्रयत्न करत होती. एकशे नव्वद जाड पानं आणि स्पायरल. ते छातीपर्यंत यायचं, मनगटं थरथरायची आणि पुस्तक पुन्हा बाकावर आपटायचं. मग तिनं उलटं केलं: पुस्तक बाकावर ठेवून स्वतः त्याच्यावर वाकली, गाल पानाला टेकवला, पाठ धनुष्यासारखी. दोन ओळींतच मान चोळत उठली. तिच्या मागचा मुलगाही तसाच वाकला होता. तिसऱ्यानं वाचायचा नाद सोडून दिला होता.

काका त्या वर्गाच्या दारातून हे बघत होते. चौतीस वर्षं त्यांनी वजन या एकाच गोष्टीचा विचार केला होता. दोराचं, लिफ्टच्या पाळण्याचं, माणसांचं. आणि आपण बांधलेलं पुस्तक त्यांनी एकदाही तोललं नव्हतं. त्यांनी ते उचललं. सव्वा किलोला थोडं कमी. चार म्हणजे पावणेपाच किलो, आणि ते रोज दप्तरात. मुलगी असेल पंचवीस किलोची.

कारकूनबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या होत्या.

“म्हणून थोडं थोडं छापायचात,” काका म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

“यंत्राचं मला काय कळतंय. मी पोरांच्या हाताकडे बघून छापायचे.”

“मग सांगितलं का नाहीत मला?”

“सांगत होते,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. “तुम्ही बेरीज करत होतात.”

मधल्या सुट्टीत काकांनी साठच्या साठ पुस्तकं ऑफिसात आणवली आणि स्पायरल उलटे फिरवून काढायला बसले. बाई पानं लावून देत होत्या. भाग किती पानांचे करायचे, असं काकांनी विचारलं. बाई म्हणाल्या की धाकट्यांना आठ चालतात, मोठ्यांचं दरवर्षी बघावं लागतं, वयाबरोबर मनगट बदलतं. मग काकांनी त्या मुलीला बोलावणं पाठवलं. ती आली, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली आणि कोण आहे ते आवाजावरून कळेपर्यंत गप्प राहिली.

काकांनी तिच्या हातात आठ पानं दिली आणि धडा वाचायला सांगितला. तिनं कागद डोळ्यापाशी नेले आणि वाचू लागली. परिच्छेद संपला की काका मागून दोन पानं वाढवत. दहाला हात स्थिर होता. बाराला स्थिर होता. चौदाला कोपर खाली यायला लागलं, पण तिनं ते पोटाला टेकवलं आणि वाचत राहिली. काका तिच्या मनगटाकडे बघत होते, जसे ते कधी काळी भरलेल्या पाळण्याखाली दोराकडे बघत.

“जड होतंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “थोडंसं. पण चालेल, मी धरीन.”

काकांनी सगळी पानं तिच्या हातातून काढून घेतली, त्यातली दहा मोजली आणि तेवढीच परत दिली.

“धरायचं नाही,” ते म्हणाले. “वाचायचं.”